पिल्लू लंगडतंय? आधी ती कॅल्शियमची बाटली खाली ठेवा



"डॉक्टर, पिल्लू कालपासून मागचा पाय उचलून चालतंय. कॅल्शियम कुठलं देऊ?"

हा मेसेज मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. कधी लॅब्रेडोर असतो, कधी जर्मन शेफर्ड, कधी सोसायटीच्या गेटवरून उचलून आणलेलं गावठी पिल्लू. वय चार महिन्यांपासून वर्ष-सव्वा वर्षापर्यंत. यातली गंमत बघा. "काय झालं असेल?" असं कोणी विचारतच नाही. निदान घरी होऊन गेलेलं असतं, मी फक्त कंपनीचं नाव सांगायचं. बऱ्याचदा सोबत बाटलीचा फोटोही असतो: "हे सध्या चालू आहे, डोस वाढवू का?"

आज जरा स्पष्ट बोलणार आहे. काही जणांना राग येईल आणि त्यात माझ्याच व्यवसायातले मित्रही असतील. लंगडणाऱ्या लहान कुत्र्याला तपासण्याआधी कॅल्शियम देणं हा उपचार नाही. बहुतेक वेळा त्याचा उपयोग शून्य असतो. मोठ्या जातीच्या पिल्लांमध्ये तर त्याने नुकसान होऊ शकतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते वेळ खातं. पिल्लाच्या आयुष्यात हाडं आणि सांधे दुरुस्त होण्याची एक वेळ असते, ती निघून गेली की परत येत नाही.

"हाडं म्हणजे कॅल्शियम, मग हाडाचं दुखणं म्हणजे कॅल्शियमची कमतरता" हा हिशोब ऐकायला अगदी बरोबर वाटतो. पण भिंत कलली म्हणून अंगणात सिमेंटची आणखी चार पोती आणून टाकली तर भिंत सरळ होते का? कुठली वीट सरकली, पाया खचला की पाणी मुरलं, हे आधी बघावं लागतं.

पिल्लाच्या शरीराची एक अडचणही समजून घ्या. मोठ्या कुत्र्याला जास्त कॅल्शियम दिलं तर त्याचं आतडं बरंचसं आत घ्यायचं नाकारतं. साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला हा नकार नीट देता येत नाही. तुम्ही जेवढं ओताल त्याचा मोठा वाटा रक्तात जातो. नेदरलँडमधल्या युट्रेख्ट विद्यापीठात हेझविंकेल आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेनच्या पिल्लांवर याचा अभ्यास केला, तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाच्या खाण्यात १.१ टक्के कॅल्शियम होतं, दुसऱ्या गटाच्या खाण्यात ३.३ टक्के. जास्त कॅल्शियमवाल्या पिल्लांच्या कुर्चेचं हाडात रूपांतर होण्याची क्रिया बिघडली आणि हाडांची घडण विस्कटली. म्हणजे ज्या भीतीपोटी आपण बाटली आणतो, तेच दुखणं बाटलीने तयार होऊ शकतं. हे कळून चाळीस वर्षं झाली, तरी आपल्याकडे लॅब्रेडोरचं पिल्लू घरी येताना पाटा, पट्टा, बॉल आणि कॅल्शियम सिरप असा सेटच येतो.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर म्हणाल डॉक्टर एकाच बाजूने बोलतात. कॅल्शियमची खरी कमतरता असते. ज्या पिल्लाला रोज फक्त बोनलेस चिकन आणि भात मिळतो, किंवा दूध-पोळीवरच ठेवलेलं असतं, त्याच्या खाण्याचा तोल बिघडलेला असतो. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. मग शरीर रक्तातली पातळी राखायला स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. हाडं इतकी पातळ होतात की सोफ्यावरून उतरताना मोडतात. अशी पिल्लं मी पाहिली आहेत, उचललं की किंचाळतात. पण त्यांच्यासाठीसुद्धा उत्तर असतं वयाला साजेसं, पूर्ण संतुलित खाणं, काही आठवडे सक्त विश्रांती, आणि लागलंच तर वजन बघून मोजलेलं कॅल्शियम. आणि जे पिल्लू चांगलं पपी फूड पोटभर खातंय, त्याला वरून बाटली कशासाठी?

आता माझ्याच चुकीबद्दल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शेरू नावाचा जर्मन शेफर्ड, पाच महिन्यांचा. घरातले काका निवृत्त शिक्षक, लसीकरणाची एक तारीख कधी चुकवली नाही. एका दुपारी त्यांचा फोन आला. शेरू सकाळी उठल्यावर पुढच्या डाव्या पायावर जरा लंगडतो, थोडं चालला की सुटतो. मी दोन ऑपरेशनांच्या मधे चहा घेत होतो. म्हणालो, "काका, वाढतं वय आहे. कॅल्शियम चालू ठेवा, फार पळवू नका, पंधरा दिवसांनी बघू." पंधरा दिवसांचे तीन महिने झाले, कारण काका आज्ञाधारक होते. डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग चालू ठेवा.

शेरू आला तेव्हा आठ महिन्यांचा होता. डावं कोपर उजव्यापेक्षा जाड दिसत होतं आणि पूर्ण दुमडत नव्हतं. एक्स-रे काढला. कोपराच्या मागच्या टोकाला हाडाचा चोचीसारखा एक भाग असतो, तो साधारण पाचव्या महिन्यापर्यंत मुख्य हाडाला सांधला जायला हवा. शेरूचा सांधलाच गेला नव्हता. तो तुकडा तीन महिने सांध्यात हलत आणि घासत होता. जर्मन शेफर्डमध्ये हा आजार इतका ओळखीचा आहे की विद्यार्थीसुद्धा परीक्षेत लिहितात. पाचव्या महिन्यात मी ते कोपर हातात घेऊन वाकवून बघितलं असतं आणि एक एक्स-रे काढला असता, तर तो तुकडा स्क्रूने जागेवर बसवायची संधी होती. आठव्या महिन्यात सांध्याची झीज सुरू झालेली होती. तुकडा काढून टाकणं आणि पुढे जन्मभर संधिवात सांभाळणं एवढंच उरलं.

काका रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "म्हणजे डॉक्टर, कॅल्शियम कमी पडलं का?"

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. तेव्हापासून लंगडणाऱ्या पिल्लाला फोनवर काहीही सांगत नाही, "घेऊन या" एवढंच म्हणतो. काही लोकांना वाटतं डॉक्टरला तपासणीची फी हवी आहे. वाटू द्या.

"वाढतं वय आहे, आपोआप सुटेल" हे वाक्य कॅल्शियमचं जुळं भावंड आहे. आणि गोची अशी की कधीकधी ते खरं ठरतं. पाच ते अठरा महिन्यांच्या मोठ्या जातीच्या कुत्र्यांत, जर्मन शेफर्डमध्ये विशेष, लांब हाडांच्या आतल्या भागात दुखणं उठतं. पॅनॉस्टायटिस म्हणतात त्याला. आज उजवा पुढचा पाय, दहा दिवसांनी डावा मागचा, असं ते फिरतं. सांधा ठीक असतो, पण हाडाच्या मधोमध दाबलं की पिल्लू हात चावायला येतं. हे खरोखर आपोआप बरं होतं, दुखण्यापुरतं औषध द्यावं लागतं. या काळात जे कॅल्शियम चालू असतं, श्रेय त्याला जातं. मग शेजारच्या ताई त्यांच्या भाचीला सांगतात, "आमच्या टायगरला याच बाटलीने गुण आला." भाचीच्या पिल्लाचा खुबा खोबणीतून निसटत असतो, आणि बाटली तिच्या घरी पोहोचते.

खुब्याचं तर वेळेशी थेट गणित आहे. लॅब्रेडोर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, शेफर्ड या जातींत खुब्याचा सांधा सैल असणं आनुवंशिक आहे. पिल्लू जिना चढताना किंवा पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतं, बसल्यावर उठायला वेळ लावतं, खेळ लवकर सोडून देतं. याला आपण "किती गोड बसतो बघा" म्हणून रील बनवतो. काही पिल्लांना साधारण पाच महिन्यांच्या आत एक छोटी शस्त्रक्रिया करता येते. ओटीपोटाखालच्या हाडाच्या जोडावरची वाढ थांबवली की वाढत्या वयात खुब्याची खोबणी मांडीच्या हाडाच्या गोळ्यावर जास्त नीट बसते. ती सगळीकडे होत नाही आणि सगळ्यांना लागतही नाही. पण सहाव्या-सातव्या महिन्यात आलात तर तो विषयच संपतो, आणि वर्षानंतर आलात तर मोठ्या आणि खर्चिक शस्त्रक्रियांचं बोलावं लागतं.

लहान जातींचं वेगळं. पॉमेरेनियन चालता चालता मागचा एक पाय उचलून दोन-चार उड्या मारतो आणि मग काही झालंच नाही असा सरळ चालायला लागतो, तेव्हा बहुतेक गुडघ्याची वाटी सरकून परत जागेवर बसलेली असते. पगसारख्या छोट्या कुत्र्यांत मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो आतून ढासळतो. पिल्लू पाय टेकणं हळूहळू बंद करतं आणि मांडी बारीक होत जाते. यातल्या कशाचाही बाटलीशी संबंध नाही.

आणि पडणं. मुलाच्या हातातून पिल्लू निसटलं, थोडं रडलं, मग लंगडत चालायला लागलं. पुढच्या पायात मनगटाजवळ हाड वाढण्याची जी चकती असते, ती चेपली गेली तर पहिल्या दिवशीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. दोन-तीन आठवड्यांनी पाय धनुष्यासारखा वाकायला लागतो, कारण दोन हाडांपैकी एक वाढायचं थांबलं आणि दुसरं वाढतंच आहे. म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे" असं सांगितल्यावरही डॉक्टरांनी परत बोलावलं तर जा. ते पैशांसाठी बोलावत नाहीयेत.

आपल्याकडचा आणखी एक मोठा चोर म्हणजे गोचीड ताप. पिल्लू आज एका पायावर लंगडतं, उद्या दुसऱ्या, अंग गरम, खाणं कमी, हिरड्या फिकट. गोचिडीतून आलेल्या जंतूंमुळे सांधे सुजू शकतात आणि रक्तातल्या प्लेटलेट्स घटतात. याचं निदान पायाच्या एक्स-रेत सापडत नाही, रक्त तपासावं लागतं. वेळेत सापडलं तर औषधाने बहुतेक पिल्लं सुधारतात. न सापडता वरून वेदनाशामक दिलं गेलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. आम्ही डॉक्टर लोकही पायाकडे बघत बसतो आणि थर्मामीटर लावायला विसरतो, हे कबूल करतो.

वेदनाशामकावरून आठवलं. घरातल्या डब्यात आजोबांच्या गुडघ्याची गोळी असते. "अर्धीच दिली डॉक्टर." आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलने यकृत बिघडू शकतं. जे औषध आम्ही कुत्र्यांना वापरतो, त्या मेलॉक्सिकॅमचीही माणसांची गोळी १५ मिलिग्रॅमची मिळते, आणि दहा किलोच्या पिल्लाच्या दृष्टीने ती कित्येक पट जास्त आहे. प्राण्याचं शरीर म्हणजे माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. गिधाडांचं काय झालं ते आपल्या देशाने पाहिलंय. जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि ती जवळजवळ नाहीशी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. तरीही मेडिकलच्या काउंटरवर "कुत्र्यासाठी हवंय" म्हटलं की कोणीतरी एक पत्ता पुढे सरकवतोच. तो मुलगा तुमच्या पिल्लाचं वजन विचारतो का?

आता आमच्या लोकांविषयी. पिल्लू टेबलावर आलं, पाय धरून एकदा ओढला, स्टिरॉइडचं एक इंजेक्शन, व्हिटॅमिन डी चं दुसरं, आणि बाटली लिहिली. दुसऱ्या दिवशी पिल्लू उड्या मारतं, मालक खूश. चौथ्या दिवशी पुन्हा लंगडतं, पुन्हा इंजेक्शन. स्टिरॉइडने दुखणं झाकलं जातं, आत सांध्यात पू झाला असेल तर तो वाढतो. आणि त्यावर लगेच दुसरं वेदनाशामक दिलं तर पोटात अल्सर होण्याचा धोका वाढतो. तुम्हाला सांगण्याचा हक्क आहे: "डॉक्टर, आधी नक्की कुठे दुखतंय ते दाखवा ना." ज्यांना या प्रश्नाचा राग येतो त्यांच्याकडे परत जाऊ नका.

पण मग तुम्हीही एक गोष्ट ऐका. खुब्याचा एक्स-रे पिल्लाला शांत करणारं औषध न देता नीट निघत नाही. चार जणांनी धरून, तिरका, हललेला फोटो काढायचा आणि त्यावर पिल्लाच्या पायांचा निकाल लावायचा, हे मी करत नाही. "भूल नको, लहान आहे हो" असं म्हणून तुम्ही पाचशे रुपये वाचवता आणि तीन दवाखान्यांत तीन निरुपयोगी फिल्म जमा करता. तशी फाइल घेऊन येणारे लोक मला दर महिन्याला भेटतात.

पिल्लं विकणाऱ्यांबद्दल एवढंच: वंशावळीचा कागद म्हणजे खुब्याच्या तपासणीचा कागद नव्हे. पिल्लाच्या आईवडिलांचे खुब्याचे आणि कोपरांचे एक्स-रे मागा. समोरचा हसला तर तिथून निघा.

एक गोष्ट मात्र संपूर्ण तुमच्या हातात आहे, आणि तीच कोणाला आवडत नाही. वजन. आपल्याकडे गुटगुटीत बाळाचं कौतुक आहे, तेच पिल्लाला लागू होतं. अमेरिकेत ४८ लॅब्रेडोर पिल्लांच्या जोड्या लावून जन्मभर अभ्यास केला, २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणारी कुत्री सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांच्या खुब्यांची झीज उशिरा आणि कमी झाली. पिल्लाच्या बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. बोटांनी शोधाव्या लागत असतील तर ते लठ्ठ आहे, मग आजी काहीही म्हणोत.

व्यायामातही तसंच. स्कूटरवर बसून पाच महिन्यांच्या पिल्लाला डांबरी रस्त्यावर मागे पळवणारे महाभाग रोज सकाळी दिसतात. त्याऐवजी मातीच्या मैदानावर त्याला मोकळं खेळू द्या. नॉर्वेतल्या एका पाहणीत असं दिसलं की तीन महिन्यांच्या आत जिने चढणाऱ्या पिल्लांना खुब्याचा त्रास जास्त, आणि मऊ जमिनीवर मोकळं खेळणाऱ्यांना कमी. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर पहिले तीन महिने उचलून न्या. गुळगुळीत टाइल्सवर जुन्या सतरंज्या टाका, त्याहून महाग काही नको.

तर उद्या तुमचं पिल्लू लंगडलं तर आधी पंजा बघा. बोटांच्या मधे गोचीड, सराटा, बाभळीचा काटा, काचेचा तुकडा, तुटलेलं नख. एप्रिल-मेमध्ये दुपारी फिरवलं असेल तर गादी भाजलेली असते. यातलं काही सापडलं तर तुमचं दुखणं तिथेच संपलं, आणि मी दहा वेळा हसत सराटा काढून दिलेला आहे. काही सापडलं नाही, पिल्लू खातंय, पाय टेकतंय, ताप नाही, तर एक-दोन दिवस पट्ट्यावरच फिरवा, उड्या बंद, आणि कुठलीही गोळी नाही. तेवढ्यात सुटलं नाही, किंवा सुटून पुन्हा आलं, तर दवाखाना. पाय अजिबात टेकत नसेल, सूज असेल, अंग तापलं असेल किंवा ते पडल्याचं तुम्ही पाहिलं असेल, तर त्याच दिवशी.

येण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ काढा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण दवाखान्यात शिरलं की घाबरून पिल्लू सरळ चालायला लागतं आणि तुम्ही म्हणता, "घरी तर लंगडत होता हो!" सकाळी झोपून उठल्या उठल्या काढा. समोरून येताना, पाठमोरा जाताना आणि बाजूने, चालताना, पळताना नाही. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. तुम्हालाच दिसेल कुठला ते. कुठल्या तारखेला सुरू झालं, सकाळी जास्त की खेळल्यावर जास्त, तोच पाय की बदलतो, रोज नेमकं काय खातो, एवढं कागदावर लिहून आणा.

आणि घरात चालू असलेल्या सगळ्या बाटल्या, पावडरी, गोळ्यांचे पत्ते एका पिशवीत घालून सोबत आणा. काय दिलं ते लपवू नका. मी रागावत नाही, मला फक्त काय काय थांबवायचं ते कळायला हवं.